काचेतला फौजदार

साहेबांनी काचेची पेटी मुंबईहून ट्रकने आणली तेव्हा तिच्यात काय ठेवणार ते कोणाला ठाऊक नव्हतं. हमालांनी ती उतरवून बाहेरच्या खोलीत सिमेंटच्या कट्ट्यावर ठेवली. मी त्या घरी धुणं-भांडी करत होते. मला वाटलं शोकेस असेल, कपबशा मांडतील. साहेब म्हणाले, "ह्यात समुद्राचे मासे ठेवायचे. तू समुद्राकडची ना? पाणी तू आणायचं. मासेही तूच आण."

मी विचारलं, "खायला?"

"बघायला."

घरी जाऊन सांगितलं तर माझी सासू बोंबील उलटे करता करता थांबली. "आमी मारायचं न् तू पोसायचं? बरं हाय. उद्या आमच्या डोलीवर खटला घालशील, माझी पोरं मारली म्हणून." शेजारच्या बायका हसल्या. मीही हसले. हसण्यासारखंच होतं ते.

ही गोष्ट तारापूरला विजेच्या कारखान्याचं बांधकाम चालू होतं त्या काळातली. बोईसरला तेव्हा स्टेशन, थोडी घरं आणि बाकी गवत होतं. बाहेरगावची माणसं येत होती, कोणी घाटावरची, कोणी नागपूरकडची. साहेब साताऱ्याकडचे, बांधकामावर मोठ्या हुद्द्यावर. आमचं गाव खाली किनाऱ्याला. मी चौथी शिकलेली, लग्न झालेली, नवरा डोलीवर जायचा. डोल म्हणजे समुद्रात खांब रोवून बांधतात ते मोठं जाळं. सकाळी मी चालत बोईसरला यायची आणि दुपारी परत जायची.

त्या घरात बाई होत्या. साहेबांची बायको. माझ्याच वयाची, पण दिसायला माझ्या आईसारखी झाली होती. पहिलं मूल मेलेलं जन्मलं. दुसरं जन्मलं, आठवडाभर राहिलं आणि गेलं. तेव्हापासून बाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायच्या. मी त्यांचे केस विंचरायची, तर मान धरून ठेवावी लागायची. दिली तर भाकरी खायच्या, नाही दिली तर मागायच्या नाहीत.

साहेबांच्या आईने गावाहून निरोप धाडला होता. दिवाळी झाली की मी येते, सून उठलेली दिसली तर ठीक, नाहीतर तिला माहेरी पोचवायची. सरकारी माणसाला दोन बायका करता येत नव्हत्या, म्हणून दुसरी आणायची तर आधी ही जायला हवी होती. दुसरी ठरलेलीही होती, नात्यातलीच. हे मला बाईंनीच सांगितलं, भिंतीकडे तोंड करून, बाजारात आज कोथिंबीर नव्हती असं सांगावं तसं. माहेरी त्यांचे आईवडील नव्हते. भाऊ होता आणि भावजय होती.

पेटी आणली ती त्यासाठी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मन रमेल असं काहीतरी द्या. पोपट दिला असता तरी चाललं असतं. पण साहेबांनी कुठल्याशा गोऱ्या इंजिनियराच्या घरी अशी पेटी पाहिली होती, आणि ती त्यांच्या मनात भरली होती. माणूस वाईट नव्हता. त्याला वाटायचं दुखणं आहे तर त्याला काहीतरी यंत्र असेलच.

पहिले मासे माझ्या हंड्याने मेले. मी घासूनपुसून लख्ख केलेल्या तांब्याच्या हंड्यातून समुद्राचं पाणी आणलं. संध्याकाळपर्यंत सगळे आडवे. साहेबांनी इंग्रजी पुस्तक उघडलं आणि म्हणाले, तांबं चालत नाही, पितळ चालत नाही. मग मी मातीच्या माठातून पाणी आणू लागले. खाडीचं नाही, भरतीचं, कमरेएवढ्या पाण्यात जाऊन भरलेलं. साहेबांनी जीप पाठवली तर जीपने, नाहीतर डोक्यावर. वाटेत माणसं विचारायची, "काय नेतेस गं?" मी सांगायची, "समुद्र." मासेवाली समुद्र डोक्यावर घेऊन बोईसरला जाते हे कळल्यावर लोकांना हसायला बरेच दिवस पुरलं.

मासे मी उधाणाच्या ओहोटीला धरायची. पौर्णिमेला, अवसेला पाणी फार मागे जातं, खडक उघडे पडतात आणि डबक्यांत लहान मासे अडकतात. दोन्ही हातांत फडकं धरून हळूच उचलायचं. बहुतेकांना आमच्यात नावच नव्हतं. जो मासा खात नाहीत त्याला नाव कोण ठेवणार? एक होता खडकाला चिकटून बसणारा, बोटभर, डोळे डोक्यावर. एक चांदीसारखा, अंगावर वाकड्या रेघा. दोन-तीन मातकट. आणि एक पिवळट, अंगावर आडवे काळे पट्टे, लहान तोंडाचा. तो शिरगावच्या किल्ल्याच्या पुढच्या खडकांत मिळाला. माझा नवरा तिकडे कोणाच्या तरी होडीच्या कामाला गेला होता, त्याने धरून आणला. फडक्यातही तो त्याच्या बोटाला टोचत होता. नवरा म्हणाला, "ने तुझ्या बाईला. हा काय सुखानं रायचा नाय."

तो पेटीत सोडला आणि बाई पलंगावरून उठल्या.

खरं सांगायचं तर आधी मान वळवली, पलंगावरून दारातून पेटी दिसायची. मग बसल्या. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा पेटीसमोर खुर्ची होती आणि बाई खुर्चीत होत्या. साहेब दारात उभे राहून बघत होते, आणि मला बोलू नको अशी खूण करत होते, जसं काही पाखरू खिडकीत बसलंय.

"हा बघ," बाई म्हणाल्या, "कसा गस्त घालतोय. फौजदार."

तेव्हापासून तो फौजदार झाला. पेटीत मधोमध एक भोकाचा दगड होता. त्या भोकात तो राहायचा. थोड्या दिवसांत भोक त्याचं झालं, मग भोकाच्या पुढची वाळू त्याची, मग शेजारचा दगड. कोणी तिकडून गेलं की तो बाणासारखा सुटायचा. माशाला दात दिसत नाहीत, पण चावा दिसतो. चांदीवाल्याच्या शेपटीची झालर झाली. मातकटांतला एक कोपऱ्यात पाण्याच्या वर तोंड काढून राहायचा, खाली यायची सोय नव्हती. एके दिवशी तो जमिनीवर मिळाला. उडी मारली असणार.

मला वाटलं, उपाशी आहे म्हणून भांडतोय. आमच्या गावात दोन माणसांचं वितुष्ट आलं की म्हातारी माणसं दोघांना एका थाळीत जेवायला बसवत. एका थाळीतलं खाल्लं की दुसऱ्या दिवशी तोंड फिरवता येत नाही. मी तेच केलं. मोठ्या शिंपल्यात कालवं बारीक करून ठेवली, सगळ्यांना एका जागी. फौजदार शिंपल्यावर जाऊन उभा राहिला. स्वतः खाईना आणि दुसऱ्याला येऊ देईना. माणसाला निदान लाज असते, ती तरी त्या थाळीत कामाला येते. माशाला कसली लाज? त्याला फक्त एवढं कळलं की आता राखायला आणखी एक जागा झाली. तेव्हापासून मी खाणं चारी बाजूंना भुरभुरून टाकू लागले. तेवढ्याने बाकीचे जगले.

साहेबांनी पुस्तकात बघून दुसरा इलाज काढला. लोणच्याची काचेची बरणी घेतली, फौजदाराला तिच्यात घातलं, तोंडाला जाळीचं फडकं बांधलं आणि बरणी पेटीतच पाण्यात ठेवली. म्हणाले, काही दिवस कैदेत राहील. तेवढ्यात बाकीचे आपापली जागा धरतील आणि मग हा नवखा ठरेल.

बाई म्हणाल्या, "कैदेत का? त्याने काय केलं?"

"बघत नाहीस का काय करतो?"

"आपली जागा राखतो. आपण त्याच्या जागेवर एवढे आणून सोडलेत. त्याने बोलावले होते का?"

साहेब हसले. त्यांना बायको वाद घालतेय याचाच आनंद झाला होता. फौजदार बरणीत राहिला. काचेतून बाकीचे दिसायचे, तर दिवसभर काचेवर धडकायचा. तोंड फुटलं, पांढरं झालं. समोरचा दिसतोय आणि हाताला लागत नाही, असं झालं की राग जात नाही, वाढतो. हे मला नंतर साहेबांनीही सांगितलं, पुस्तकातच पुढच्या पानावर होतं म्हणे. बाईंनी फडकं सोडून त्याला मोकळा केला. थोडे दिवस तो गप्प होता. मग पुन्हा भोकात शिरला आणि पुन्हा तेच.

शेवटी मी दगड उठवले. हेही आमच्या गावाकडचंच. बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या ओळी असतात, वलांडी म्हणतो आम्ही. पावसाळा संपला की वलांडी जिथे पडायची त्या जागेवरून दरवर्षी डोकी फुटायची. माझी जागा, माझ्या आज्याची जागा. तेव्हा पंचांनी रीत घातली, दसऱ्याआधी सगळ्यांनी आपले बांबू उपटायचे. मोकळं मैदान झाल्यावर नव्याने जागा वाटायच्या. ज्याला कालची खूण सापडत नाही तो कालच्यासाठी भांडत नाही.

मी बाईंना हे सांगितलं. त्या उठल्या, साडीचा पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातले. आम्ही दोघींनी सगळे दगड काढले, वाळू सपाट केली, दगड उलटेसुलटे करून दुसरीकडे ठेवले. भोकाचा दगड पालथा घातला. फौजदार पेटीभर फिरला. भोक शोधत होता. सापडलं नाही. मी घरी निघेपर्यंत तो बाकीच्यांच्या बरोबरीने पोहत होता, वाट चुकलेल्यासारखा.

"आता हा कोण?" बाई म्हणाल्या. "आता ह्याला फौजदार कसं म्हणायचं?"

मी म्हटलं, "बदली झाली त्याची."

त्या हसल्या. मोठ्याने नाही, पण हसल्या.

तिथून पुढचे दिवस त्या घरातले बरे दिवस. दगड उठवले की आठवडाभर शांतता. भांडणं सुरू झाली की पुन्हा दगड उठवायचे. बाई स्वतः ओळखायच्या, आज उठवायला हवेत. स्वयंपाकघरात यायला लागल्या. फोडणी करायच्या. वीज वारंवार जायची, मग हवेचा पंप बंद पडायचा आणि मासे वर येऊन तोंडं उघडायचे. तेव्हा बाई जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्याने पाणी उपसून उंचावरून पुन्हा पेटीत ओतायच्या, वीज येईपर्यंत, हात भरून येईपर्यंत. मी म्हणायची, द्या मी करते. द्यायच्या नाहीत. केस मात्र अजून माझ्याकडून विंचरून घ्यायच्या. आता मान धरावी लागत नव्हती.

एकदा केस विंचरताना त्यांनी विचारलं, "तुमच्यात बायकोला काढतात का गं?"

"काढतात की."

"मग ती काय करते?"

"टोपली घेते न् बाजारात बसते. शिव्या देते त्याला येता-जाता. तुमच्या डोक्यावर काय हाय? टोपली नाय, काय नाय."

त्या म्हणाल्या, "मासे विकायला काय लागतं?"

"तोंड," मी म्हटलं. "तुमचं नाय चालायचं."

दिवाळी झाली आणि साहेबांची आई आली. तिला मी काळ्या रंगात रंगवणार नाही. उंच, हाडापेराची, पहाटे उठून सगळं घर सारवायला निघालेली बाई. फरशी आहे, सारवता येत नाही, हे कळल्यावर तिला करमेना. मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "तू लुगडं बरं नेसतीस. आमच्या सुनंला येत न्हाई." सुनेला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "उठलीया म्हणायची." सुनेने पाया पडून चहा दिला. म्हातारीने चहा प्यायला. साहेबांचा चेहरा असा झाला होता, जणू परीक्षेचा निकाल लागला आणि ते पास झाले.

पण म्हातारी दिवसभर घरात आणि पेटी बाहेरच्या खोलीत. ती पेटीसमोर बसून शेंगा सोलायची. तिच्यासमोर दगड कसे उठवणार? बाईंनी एकदा पदर खोचला तर म्हातारी म्हणाली, "सुवासिनीनं खाऱ्या पाण्यात हात घालून बसायचं, हे कुठलं थेर? गडीमाणूस हाय न्हवं?" बाईंनी हात काढून घेतले. मला एकटीला उठवायला सांगितलं तर म्हातारी म्हणाली, "तू बी भांडी घास. माशाला घर बदलून देत बसतीस व्हय?"

दगड तसेच राहिले. फौजदाराला पुन्हा एक सांद सापडली. चांदीवाल्याची झालर पुन्हा फाटली. खडकाला चिकटणाऱ्याचा एक डोळा गेला. म्हातारीने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. शेंगा सोलता सोलता एक दिवस ओरडली, "आरं, ह्यो मेला समद्यांस्नी खातोय की! एकाच्या पायी समद्यांचा जीव जायचा. काढा ह्याला."

बाई स्वयंपाकघरातून आल्या. "नको, आई."

"का नको?"

"तो पहिल्यापासून आहे."

"म्हंजे? पयला हाय म्हणून समद्यांस्नी मारंल?"

"दगड हलवले की गप्प बसतो. आम्ही हलवायचो. हलवू द्या."

"रोज का दगड हलवायचं? जो नांदत न्हाई त्याला काढायचं. सोपी गोष्ट हाय."

हे म्हातारी माशाबद्दलच बोलत होती. मला तसं वाटतं. तिला टोमणा मारायचा असता तर तिने तोंडावर मारला असता, आडून बोलायची तिला सवय नव्हती. पण बाईंचा चेहरा असा उतरला की मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. बाई म्हणाल्या, "त्याला काढायचं तर मलाही काढा."

म्हातारीने शेंगांची टरफलं ओच्यात गोळा केली. असं बोलायचं नसतं. म्हातारीच्या मनात तेव्हा काय ठरलं होतं ते मला ठाऊक नाही, कदाचित ठरलंही नसेल. पण सुनेने आपण होऊन तोंडाने काढलं, आणि माशासाठी काढलं. माशासाठी जी घर सोडायची गोष्ट करते तिचं डोकं ठिकाणावर नाही, असं म्हातारीने साहेबांना संध्याकाळी सांगितलं असणार. मी असते तर मीही तेच सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेब कामावर जाता जाता मला म्हणाले, "तो पट्ट्यांचा मासा काढून टाक. आई म्हणते ते बरोबर आहे. बाकीचे तरी जगतील." बाईंकडे बघितलं नाही. बूट बांधत होते.

मी काढला. तो काही सहज हाताला लागला नाही. सांदीत शिरला, काठीने हुसकावला, मग फडक्यात आला. बाई खुर्चीत बसल्या होत्या. अडवलं नाही, रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "झाकण नको बांधूस माठाला." मी माठ उघडाच डोक्यावर नेला, त्यात तो गोल गोल फिरत होता. खडकांपाशी पाणी चढत होतं तिथे ओतला. क्षणभर दिसला आणि गेला. मी वर आले, माठ धुतला, घरी गेले.

दोन-चार दिवस पेटीत शांतता होती. म्हातारी सगळ्यांना दाखवायची. साहेबांचे कामावरचे कोणी आले तर म्हणायची, "एकच नासका हुता. काढला, आता बघा." मासे खरोखर मोकळे फिरत होते. मला वाटलं, बरोबरच होतं म्हातारीचं.

मग चांदीवाला बदलला. तोच, ज्याच्या शेपटीची झालर झाली होती. त्याची शेपटी भरून आली तसा तो सांदीपुढे उभा राहू लागला. आधी नुसता उभा राहायचा. मग मातकटांना ढुशा द्यायला लागला. मग चावायला. फौजदार टोचून सोडायचा, हा पाठलाग करायचा, काचेच्या कोपऱ्यापर्यंत आणि परत. एका आठवड्यात एक मातकट त्याने मारला आणि एका डोळ्याचा तो चिकटणारा खडकाखालून बाहेर यायचा बंद झाला. जो सगळ्यांत जास्त मार खात होता त्याने सगळं शिकून घेतलं होतं.

बाईंनी ते पाहिलं आणि त्या हसल्या. पूर्वी हसल्या होत्या तसं नाही. म्हातारी शेंगा सोलत होती. बाई तिला म्हणाल्या, "आई, आता ह्याला काढा."

म्हातारीने हातातली शेंग फोडली.

"ह्याला काढलात की त्या मातकटाला काढावं लागेल. मग एकडोळ्याला. मग पेटी अगदी छान नांदेल. रिकामी."

म्हातारी उठली आणि आत गेली. जाताना तिच्या ओच्यातून शेंगा सांडल्या, त्या तिने वेचल्या नाहीत. मी वेचल्या. तेव्हा मला कळलं की हे संपलं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटतं. म्हातारी बोलली नाही, तिथेच निकाल लागला.

साहेबांनी मध्ये पडायला हवं होतं का? मला आजही विचारलं तर सांगते, हवं होतं. पण ते पडणारे नव्हते. बाहेर त्यांच्या हाताखाली माणसं राबायची, त्यांना ते हुकूम द्यायचे. घरात आले की पेटीसमोर बसायचे, पंप साफ करायचे, पाण्याचा खारेपणा तपासायचे. एका संध्याकाळी मी उशिरापर्यंत थांबले होते तेव्हा ते बाईंना म्हणत होते, "थोड्या दिवसांसाठी जाऊन ये. हवापालट." बाई म्हणाल्या, "थोडे दिवस म्हणजे किती?" ते म्हणाले, "बघू." ह्या 'बघू'मध्ये काय असतं ते बायकांना लगेच कळतं.

जायच्या दिवशी म्हातारीने सुनेची ओटी भरली. तांदूळ, खण, केळव्याहून आणलेला नारळ. रीत आहे, माहेरी जाणाऱ्या सुनेला रिकामं पाठवत नाहीत. बाईंनी पदर पसरला, ओटी घेतली, वाकून पाया पडल्या. म्हातारीने डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सुखी ऱ्हा." खोटं म्हणाली असं मी म्हणणार नाही. तिला खरंच वाटत असेल की ही सुखी राहावी, फक्त ह्या घरात नाही.

मी ट्रंक जीपमध्ये ठेवली. बाई माझ्याशी काही बोलतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "पोळ्यांचं पीठ मळून ठेवलंय, ओलं फडकं टाक, सुकेल." एवढंच. जीप पालघरच्या स्टेशनकडे गेली, लांबची गाडी बोईसरला थांबत नव्हती. साहेब बरोबर गेले, गाडीत बसवून देण्यापुरते.

मी पिठावर ओलं फडकं टाकलं. मग पेटीकडे बघितलं, कारण मासे उपाशी होते आणि खाणं टाकणं माझ्याकडे होतं. चारी बाजूंना भुरभुरलं. चांदीवाला चारी बाजूंना धावला.

साहेब दुपारी परत आले. मला वाटलं होतं, जेवणार नाहीत. एखादा माणूस त्या दिवशी तरी नाही जेवणार. म्हातारीने बाईंनी मळलेल्या पिठाच्याच पोळ्या लाटल्या, ताट वाढलं, समोर बसली. साहेबांनी हात धुतले, पाटावर बसले आणि जेवायला लागले. आमटी पुन्हा घेतली. म्हातारीने विचारलं, "गाडी येळंवर हुती का?" ते म्हणाले, "वेळेवर होती." मग भात मागितला.

मी मोरीत बसून त्यांचं ताट उष्टं होऊन येण्याची वाट बघत होते. आलं, तेव्हा ते स्वच्छ होतं. एक शीत उरलं नव्हतं. मी ते घासलं आणि पालथं घातलं.